कडू कुटकी, पिवळी हळद आणि आपलं लिव्हर

एक प्रश्न. तुमच्या घरी गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाचा तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट आला असेल आणि त्यात खाली 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असं लिहिलेलं असेल, हो ना? हॉस्टेलवर आमच्या विंगमध्ये मी हाच प्रश्न विचारला आणि पटापट हात वर झाले. कुणाचे वडील, कुणाची मावशी, एकीचा तर सख्खा भाऊ, वय वर्षे बावीस!

आमच्याकडे हा रिपोर्ट काकांचा आला. मग काय विचारता! घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकेक औषध सांगून जाऊ लागला. एक म्हणे भुईआवळा चावून खा, दुसरा म्हणे गुळवेलीचा काढा घ्या, तिसऱ्याने कुटकी आणून दिली, आणि फोनवर रोज सकाळी 'गरम पाण्यात लिंबू आणि हळद, सात दिवसांत लिव्हर साफ' असा मेसेज. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी. मला पडलेला प्रश्न साधा होता: या झाडपाल्यात खरंच काही आहे का, आणि असेल तर ते मोजलंय कुणी? त्या शोधात जे वाचायला मिळालं, ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

लिव्हर म्हणजे नेमकं काय?

शाळेत आम्ही 'लिव्हर' शिकलो, मराठीच्या पुस्तकात त्याचं 'यकृत' झालं आणि मटणाच्या दुकानात तेच 'कलेजी' म्हणून मिळतं. बरगड्यांच्या खाली उजव्या बाजूला असलेला, साधारण दीड किलो वजनाचा हा अवयव. पित्त तयार करणं, रक्तातली जास्तीची साखर साठवणं, औषधं आणि विषारी पदार्थ मोडून बाहेर टाकणं अशी शेकडो कामं तो एकटा करतो.

आपण श्रीगोंद्याची माणसं, तेव्हा साखर कारखान्याचंच उदाहरण घेऊ. गळीत हंगामात ऊस येतच राहतो, साखर तयार होतच राहते. पण साखरेची उचल झाली नाही तर काय होतं? गोदाम भरतं, मग पोती व्हरांड्यात लागतात, मग कामगारांना चालायला वाट उरत नाही. लिव्हरचं अगदी तसंच आहे. गरजेपेक्षा जास्त खाल्लेली साखर आणि पिष्टमय पदार्थ यांची लिव्हर चरबी बनवतं. ती खर्च झाली नाही की त्याच्याच पेशींमध्ये साठते. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

नुसती चरबी असेल तर फार बिघडत नाही. पण काही जणांत पुढे सूज येते, सुजेतून व्रण पडतात म्हणजे फायब्रोसिस होतो, आणि वर्षानुवर्षांनी लिव्हर दगडासारखं कडक होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. तिथून परत फिरणं अवघड. वाईट गोष्ट ही की सिरोसिसपर्यंत बऱ्याचदा काहीच दुखत नाही. चांगली गोष्ट ही की त्याच्या आधीच्या पायऱ्यांवरून माणूस बराच मागे येऊ शकतो.

दारूने फॅटी लिव्हर होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्यांना होतं त्याचं काय? २०२३ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी या दुसऱ्या प्रकाराचं नावच बदललं. आधी त्याला 'नॉन अल्कोहोलिक' म्हणायचे, आता चयापचयाशी म्हणजे मेटाबॉलिझमशी जोडलेलं नाव दिलंय. भारतात झालेल्या अनेक अभ्यासांचं एकत्रित गणित २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात प्रौढांमधलं प्रमाण ३८.६ टक्के निघालं. म्हणजे दहातले जवळजवळ चार जण! त्याआधी २०२१ मध्येच केंद्र सरकारने या आजाराचा समावेश मधुमेह, कॅन्सर, हृदयरोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला होता.

'मी तर बारीक आहे!'

हे वाक्य हॉस्टेलवर हमखास ऐकू येतं. त्यावर पुण्याचं एक उदाहरण सांगते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के! काटा सारखाच, आतला माल वेगळा. दिसायला बारीक, आतून चरबीदार असा हा आपला भारतीय साचा.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात खेड्यातल्या लोकांची तपासणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. १९११ लोकांपैकी ८.७ टक्के जणांना फॅटी लिव्हर होतं आणि त्यातल्या ७५ टक्के लोकांचा बीएमआय २५ च्या खाली होता. तेव्हा 'मी बारीक आहे' ही काही पावती नाही.

झाडात औषध येतं कुठून?

आता मूळ मुद्दा. झाड पळू शकत नाही. किडे, बुरशी, जनावरं यांच्यापासून वाचायला ते स्वतःच्या मुळात, सालीत, पानात रसायनं तयार करतं. बरीचशी कडू किंवा तुरट. ही रसायनं आपल्या शरीरात गेली की इथल्या एन्झाइम्सवरही परिणाम करतात. कधी फायद्याचा, कधी तोट्याचा. झाडाने ती आपल्यासाठी बनवलेली नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं.

झाडापासून खरं औषध निघाल्याचा मान आपल्या मुंबईकडेही आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावर होणारा परिणाम नीट नोंदवून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि सगळं जग या मुळीकडे वळलं. त्यातूनच १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं काढलं गेलं.

लिव्हरच्या बाबतीत असंच एक नाव म्हणजे कुटकी. हिमालयात उंचावर वाढणारी लहानशी वनस्पती, मूळ इतकं कडू की एकदा चाखलं तर दिवसभर आठवण राहावी. आरोग्यवर्धिनी या जुन्या आयुर्वेदिक औषधात जवळजवळ निम्मा भाग कुटकीच असते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा मोजू या. आरोग्यवर्धिनीवरचा त्यांचा अभ्यास १९८० मध्ये आला आणि नुसत्या कुटकीवरचा १९९६ मध्ये, मुंबईच्याच 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये.

त्यांनी केलं काय? व्हायरल काविळीच्या ३३ रुग्णांचे चिठ्ठी काढल्यासारखे दोन गट पाडले. १५ जणांना कुटकीच्या मुळाची पूड, ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे. बाकीच्या १८ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पूड. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. याला डबल ब्लाइंड चाचणी म्हणतात. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळेपणा मोजायचा आकडा, २.५ पर्यंत उतरायला नुसत्या पुडीच्या गटाला सरासरी ७५.९ दिवस लागले, कुटकीच्या गटाला २७.४ दिवस. त्याच शोधनिबंधात उंदरांवरचा प्रयोगही आहे. मुद्दाम इजा केलेल्या त्यांच्या लिव्हरमधली चरबीसुद्धा कुटकीने कमी झाली होती.

डॉ. वैद्य या पद्धतीला 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' म्हणतात. नेहमी औषध लॅबमधून पेशंटकडे जातं. इथे पेशंटकडचा जुना अनुभव लॅबमध्ये न्यायचा आणि तो उघडून आत काय आहे ते शोधायचं. आपल्या भाषेत सरळसरळ रिव्हर्स इंजिनिअरिंग! लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीतले पिक्रोसाइड आणि कुटकोसाइड हे घटक ठरावीक प्रमाणात असलेला अर्क तयार केला, त्याचं नाव पिक्रोलिव्ह.

पण थांबा. मुंबईची चाचणी काविळीवर होती, फॅटी लिव्हरवर नाही. आणि ३३ रुग्ण म्हणजे आपल्या एका प्रॅक्टिकल बॅचपेक्षा थोडेच जास्त. उंदराचं लिव्हर सुधारलं म्हणून माणसाचं सुधारेलच असं नाही. कुटकी 'आशा ठेवावी अशी' आहे, 'सिद्ध झालेली' नाही. या दोन शब्दांत जेवढं अंतर आहे, त्या अंतरातच सगळा धंदा चालतो.

हळदीचं एफिशिअन्सीचं गणित

हळदीतला पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. आपल्या घरच्या हळदीत तो साधारण तीन टक्के धरू. चाचण्यांमध्ये कर्क्युमिन दोन-दोन ग्रॅमपर्यंत दिलं जातं. आता भागाकार करा: दोन ग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद. आमटीत एवढी टाकली तर मेसच्या मावशी आपल्याला हाकलून देतील!

बरं, खाल्लं म्हणजे रक्तात पोचलं असंही नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडं शोषलं जातं ते लिव्हर लगेच मोडून टाकतं. म्हणजे इनपुट भरपूर, आउटपुट जवळपास शून्य. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ मध्ये दाखवलं गेलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपेरिन फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढतं. सगळ्या 'हळद अधिक मिरे' गोळ्यांचा जन्म इथला. पण हे घडतं कसं? पायपेरिन लिव्हरची मोडतोड करणारी यंत्रणाच मंदावतं. म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून धरून प्रेशर वाढवल्यासारखं झालं. ज्या लिव्हरला बरं करायचंय त्याचंच काम अडवायचं, आणि तुम्ही दुसरं औषध घेत असाल तर त्याचंही रक्तातलं प्रमाण बिघडवायचं.

फॅटी लिव्हरवर कर्क्युमिनच्या चाचण्या झाल्या आहेत, विशेषतः इराणमध्ये, आणि काहींत लिव्हरमधली चरबी कमी झालेली दिसली. पण रुग्ण थोडे, काळ दोन-तीन महिन्यांचा आणि मोजमाप बहुतेक सोनोग्राफीवर. फायब्रोसिस थांबतो का हे त्यातून कळत नाही.

आणि लिंबू? आपल्या श्रीगोंद्याचं लिंबू पार लांबच्या बाजारात जातं, त्याचा मला अभिमान आहे. त्यात क जीवनसत्त्व आहे, हेस्पेरिडिनसारखे घटक आहेत. पण भांड्यावरची चिकटाई लिंबाने निघते म्हणून लिव्हरवरचीही निघेल, हा हिशोब चुकीचा. लिंबू पोटात जातं, लिव्हरला चोळलं जात नाही!

दोन चाचण्या, एक धडा

दारुहळदीत बर्बेरिन नावाचा पिवळा घटक असतो. चीनमध्ये १८४ रुग्णांवर केलेली त्याची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना आहार-व्यायामाबरोबर १६ आठवडे बर्बेरिन दिलं त्यांच्या लिव्हरमधली चरबी ५२.७ टक्क्यांनी कमी झाली. वा! पण पुढची ओळ वाचा. ज्यांना नुसता आहार आणि व्यायाम सांगितला होता, त्यांचीही ३६.४ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे मोठा वाटा फुकटच्या औषधाचा होता. गोळीच्या जाहिरातीत ५२ येईल, ३६ येणार नाही.

दुसरी मलेशियाची. युरोपात मिल्क थिसल नावाचं जांभळ्या फुलांचं काटेरी झाड आहे, त्याच्या बियांतून सिलिमारिन काढतात. लिव्हरसाठी आपल्याकडच्या मेडिकलमध्येही ते सर्रास मिळतं. ९९ रुग्णांना ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा किंवा नुसती रिकामी गोळी, ४८ आठवडे, आणि आधी-नंतर लिव्हरचा तुकडा काढून तपासणी. हे खरं कडक मोजमाप. २०१७ चा निकाल असा: मुख्य कसोटीवर सुधारणा सिलिमारिनच्या गटात ३२.७ टक्के जणांत आणि रिकाम्या गोळीच्या गटात २६ टक्के जणांत. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून मुख्य कसोटीवर चाचणी नापास. मात्र फायब्रोसिस कमी झालेले २२.४ विरुद्ध ६ टक्के होते. म्हणजे पुढे मोठी चाचणी करायला जागा आहे, दुकानात धावत जायला नाही.

'नॅचरल आहे, काय होतंय?'

हा सगळ्यात महागात पडणारा समज. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण दिसले, त्यांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातली एक रुग्ण दगावली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती तीच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी होती का, हे नीट तपासलेलं नाही. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची नोंद आली. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, आपल्यासाठी अर्थ एकच. बांधावरून तोडलेली वेल नक्की कोणती, तिच्यात काय किती आहे आणि आपल्या शरीराला ती चालेल का, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं.

हळदीचंही तेच. अमेरिकेतल्या लिव्हर-इजेच्या नोंदवहीत २००४ ते २०२२ या काळातले हळदीच्या गोळ्यांचे १० रुग्ण सापडले. सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार होता, एकाचा मृत्यू झाला. घाबरू नका, भाजीतली हळद खुशाल खा! प्रश्न डबीतल्या तीव्र गोळ्यांचा आहे. आणि आरोग्यवर्धिनीत कुटकीबरोबर पारा, गंधक आणि ताम्रभस्म असतं, तेव्हा ती वैद्यांनी तपासून देण्याची गोष्ट, शेजाऱ्याने हातावर ठेवण्याची नव्हे.

मेसेज आला की विचारायचे चार प्रश्न

आपण उद्याचे इंजिनीअर. स्पेसिफिकेशन नसलेला बोल्ट आपण मशीनला लावू का? मग हे विचारा:

१. घटक कोणता आणि किती? झाडाचं नाव पुरेसं नाही.
२. तपासलं कुणावर? परीक्षानळीत, उंदरावर की माणसावर?
३. तुलना कशाशी केली? आहार-व्यायाम दोन्ही गटांत सारखा होता का?
४. मोजलं काय? नुसता एसजीपीटीचा आकडा, चरबी, की फायब्रोसिस?

सरकारनेही हेच मान्य केलं आहे. ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने 'फायटोफार्मास्युटिकल' हा औषधांचा नवा वर्ग आला. शुद्ध केलेला, प्रमाणित अर्क हवा, त्यातले किमान चार घटक मोजलेले हवेत आणि चाचण्या इतर नव्या औषधांसारख्याच द्यायच्या. मला वाटतं कुटकीसारख्या मुळीचा खरा मान यातच आहे. आजीच्या अनुभवाला नाकारायचं नाही, पण परीक्षेला बसवायचं.

मग आज करायचं काय?

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ही औषधं या आजाराच्या सूज आणि व्रण असलेल्या पायरीसाठी मंजूर झाली. दोन्ही वनस्पतीजन्य नाहीत आणि दोन्ही आहार-व्यायामाच्या जोडीनेच द्यायची आहेत. तिथेही सुटका नाही!

क्यूबात २९३ रुग्णांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्यांनी वजनाच्या दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या ९० टक्के जणांची लिव्हरची सूज गेली आणि ४५ टक्के जणांचा फायब्रोसिसही मागे हटला. मी वर सांगितलेल्या कुठल्याही मुळीचा आकडा याच्या जवळपास नाही.

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर पहिलं पाऊल साखरेचं. साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोजचा बहुतेक भार एकट्या लिव्हरवर पडतो. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि आपल्या रसवंतीतला मोठा ग्लासही त्याच्या मागे नाही. ऊस आपलं पोट भरतो हे खरं, म्हणून तो रोज पोटात भरायलाच हवा असं नाही! शिवाय काविळीत उसाचा रस देतात म्हणून तो फॅटी लिव्हरलाही चांगला, हे गणित तर उलटंच आहे.

दुसरं पाऊल खरंखुरं पाऊल. जेवणानंतर ग्राउंडला अर्धा तास चक्कर मारा. रात्री अकराची मॅगी सबमिशनच्या रात्रीपुरती ठेवा. वाटीभर उसळ, ताक आणि भाकरी मेसमध्ये मिळते, तिला नाक मुरडू नका. दारूबद्दल मी वेगळं सांगायला नको.

आणि एक गोड बातमी, अर्थात बिनसाखरेची. कॉफीही वनस्पतीच की! ब्रिटनमधल्या ४ लाख ९४ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत (२०२१) कॉफी पिणाऱ्यांना लिव्हरचे जुनाट आजार २१ टक्के कमी दिसले. ही पाहणी आहे, चाचणी नाही, त्यामुळे कॉफीनेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण परीक्षेच्या रात्री पिणारच असाल तर साखर न घालता प्या.

घरी कुणाचा रिपोर्ट आला असेल तर 'ग्रेड वन आहे, काही नाही होत' म्हणून कपाटात ठेवू नका आणि घाबरून दहा काढे सुरूही करू नका. डॉक्टरांकडून साखर, कोलेस्टेरॉल आणि फायब्रोसिसची तपासणी करून घ्या. चालू असलेला प्रत्येक काढा आणि प्रत्येक गोळी त्यांना सांगा, आयुर्वेदिक असली तरी. घरातल्या शिकलेल्या पोराने किंवा पोरीने बरोबर जावं, कारण मोठी माणसं डॉक्टरांपुढे अर्धंच बोलतात. सुट्टीत घरी गेलात की हे एक काम नक्की करा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल